सासूच्या पुडीचा परवाना

सासूच्या पुडीतून काहीतरी गेलं आहे, हे मला तिच्या ताटलीवरून कळलं. भातं कापायला आली होती. घरात तिच्यापुरती वेगळी पेज शिजायची, बरोबर लिंबाच्या जुन्या लोणच्याची एक फोड. तीन वर्षं त्या ताटलीत काही उरत नव्हतं. त्या आठवड्यात अर्धी पेज उरायला लागली, मग पाऊण, आणि एका दुपारी तिनं ताटली हातानं बाजूला सारली. म्हणाली, "उगा वाढू नको गो. आत जातंय ता ऱ्हात नाय."

तिला संग्रहणी होती. खाल्लेलं अंगी लागायचं नाही. दिवसातून आठ-दहा वेळा तांब्या घेऊन बांधापलीकडं जावं लागायचं. आमचं गाव पोलादपुराच्या वरच्या डोंगरात, पंचवीस-तीस घरांची वाडी. तिथं तांब्या घेऊन कोण किती वेळा गेलं हे सगळ्यांना दिसतं. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंच्या (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात) बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या, इतके हात वाळले होते. नवरा मुंबईला गोदीत कामाला. त्यानं आईला मुंबईत नेऊन मोठ्या इस्पितळात महिनाभर ठेवली. तिथून ती होती तशीच परत आली.

मी महाडची. आमच्या बाजारातल्या गल्लीत एक म्हातारे वैद्य होते. तिखट तोंडाचे, पण हात गुणाचा. मीच आत्याबाईंना त्यांच्याकडे नेलं. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि जायफळाचं चूर्ण दिलं, जेवणाआधी दोनदा ताकात कालवून घ्यायचं. पुडी हातात देतानाच स्वच्छ सांगितलं, "यात भांग आहे. दुधात उकळून, धुऊन, तुपावर परतून शुद्ध केलेली. माझ्या तराजूनं तोलली आहे, तुमच्या चिमटीनं वाढवायची नाही. रोग याने जाणार नाही. पण अन्न पोटात राहील, झोप लागेल, भूक लागेल. तेवढं मिळालं तर बाई जगेल."

तेवढं मिळालं. तीन वर्षं मिळालं. आत्याबाई पुन्हा शेतावर जायला लागल्या, माझ्यावर ओरडायला लागल्या, आणि शिमग्याला ग्रामदेवीची पालखी सहाणेवर बसली की पहिली ओटी भरायला ताठ उभ्या राहायला लागल्या. पहिली ओटी हा आमच्या घराचा मान. सहाण म्हणजे देवळापुढचा दगडी ओटा. वर्षातून काही दिवस तिथं पालखी बसते आणि उरलेलं वर्ष गावकी.

आणि आता ती ताटली.

मी पुडी घेऊन उतरले, पोलादपुराहून एसटीनं महाड गाठलं आणि वैद्यांच्या पुढ्यात पुडी उघडून ठेवली. "यातून काय काढलंत?"

त्यांनी आधी मान खाली घातली. हे त्यांना शोभत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. मग म्हणाले, "भांग काढली."

दारूबंदीचा कायदा येऊन काही वर्षं झाली होती. दारू बंद झाली एवढंच आम्हाला माहीत. त्याच कायद्याच्या पोटात गांजा आणि भांगही होती हे मला त्या दिवशी कळलं. भांग म्हणजे झाडाचं पान, गांजा म्हणजे त्याच झाडाच्या मादीचे तुरे. एक वाटून घेतात, दुसरा चिलमीत ओढतात. वैद्यांच्या शास्त्रात दोन्ही निराळे, गुणही निराळे. कायद्याला दोन्ही सारखेच. चूर्णात पान घालायचं तर वैद्याला लायसन हवं. यांनी अर्ज केला होता. त्याचं उत्तर आलं नव्हतं, पण शिपाई येऊन बरणी घेऊन गेला होता.

"मग सांगितलं का नाही?" मी म्हटलं. "तीच पुडी, तोच कागद, तोच दोरा. अर्धं औषध देऊन गप्प बसलात."

"सांगितलं असतं तर तू म्हातारीला घेऊन आली नसतीस. निदान जायफळ तरी पोटात जातंय."

"जायफळ आमच्या घरात फडताळात असतं. त्यासाठी डोंगर उतरायची गरज नाही."

वैद्य रागावले नाहीत. त्यांनी गादीखालून एक पातळ पुस्तक काढून माझ्यापुढं टाकलं. नियमांचं पुस्तक. "तू सातवीची फायनल झालेली आहेस ना? वाच. मला वाचून झालंय."

मी त्यांच्या पायरीवर बसून वाचलं. सरकारी मराठी वाचायला नांगर ओढण्याइतकी ताकद लागते. एक वाक्य अर्धं पान चालतं आणि शेवटी 'परंतु' येतो. पण मी सोडलं नाही. त्यातून कळलं ते असं. माणसाला स्वतःच्या नावाचा परवाना मिळू शकतो. त्यावर महिन्याला किती पान घ्यायचं ते लिहिलेलं असतं. ते परवान्याच्या दुकानातूनच घ्यायचं. महाडात तसं एकच दुकान होतं. माल घेऊन रस्त्यानं जाताना कागद जवळ हवा. दुसऱ्याला द्यायचा नाही, तोळाभर नाही आणि गुंजभरही नाही. दिला तर गुन्हा. वर्षाला परवाना नवा करायचा. आणि तो कोणाला मिळेल? ज्याला त्या पदार्थाची सवय जडली आहे आणि ती एकदम तोडल्यास प्रकृतीला धोका आहे, असा सरकारी डॉक्टरचा दाखला असेल त्याला. पुस्तकात पुढं सरळ शब्द होता, व्यसनी.

मी पुन्हा वाचलं. आजारी माणसासाठी कलम सापडतंय का ते शोधलं. नव्हतं. व्यसनी माणसाची सरकारला काळजी होती, आजारी माणसाची नव्हती. मी वैद्यांना तसं म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "पान तू आणून दे, चूर्ण मी करीन. बाकीचं तू बघ."

मी बघितलं. कसं बघितलं ते सांगते, आणि त्यात माझी बाजू सावरून घेणार नाही.

अर्ज मी घरी लिहिला. 'अर्जदारास कोणत्या पदार्थाचे व्यसन आहे' या ओळीपुढं माझ्या वळणदार अक्षरात 'भांग' लिहिलं. 'किती वर्षे' पुढं 'तीन'. आत्याबाईंना म्हटलं, औषधाचा कागद आहे, अंगठा द्या. त्यांनी विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हटलं, "हेच, की औषध मिळावं." त्यांनी अंगठा दिला. मी वाचून दाखवलं असतं तर तो मिळाला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून वाचलं नाही. सातवी शिकलेल्या सुनेनं न शिकलेल्या सासूला फसवलं, याला दुसरं नाव नाही.

डॉक्टरकडे त्यांना डोलीत घालून पोलादपूरला नेलं. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं विचारलं, "ही पूड किती वर्षं घेता?" आत्याबाई म्हणाल्या, तीन. "आणि नाही घेतली तर?" त्या म्हणाल्या, "नाय घेतली तर मरंन." दोन्ही उत्तरं खरी. डॉक्टरनं त्यांच्या हातापायांच्या काड्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि दाखल्यावर सही केली.

परवाना कचेरीत माझ्या हातात मिळेल, असं मी धरून चालले होते. मी बाजारपेठेतली, तिथं माणूस टेबलापाशी जातो आणि कागद घेऊन येतो. पण आमच्या वाडीची एक रीत होती. फार मागं कोणीतरी एक सरकारी कागद घरात दाबून ठेवला आणि गावाचं गुरं चारायचं रान त्यापायी गेलं. तेव्हापासून शिक्क्याचा कुठलाही कागद डोंगर चढून आला की तो कोणाच्या घरात शिरण्याआधी सहाणेवर सगळ्यांपुढं वाचायचा. मग तो नोटिशीचा असो, सारावसुलीचा असो, की गोदीतून आलेली तार असो. चार वर्षांत मी ही रीत दहा वेळा बघितली होती. तरी माझ्या डोक्यात आलं नाही, कारण हा कागद मला औषधाचा वाटत होता. कागदाला औषध काय आणि जमीन काय, त्याच्यावर शिक्का होता.

कचेरीनं परवाना पोलीस पाटलाकडे धाडला आणि पाटलानं रीत पाळली. सकाळची वेळ, बायका पाण्याच्या वाटेवर, पुरुष कुऱ्हाडी घेऊन निघालेले. सगळे थांबले. आत्याबाई उन्हाला बसल्या होत्या. पाटील एकेक अक्षर लावत वाचू लागला, आत्याबाईंचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, महाल पोलादपूर, जिल्हा कुलाबा. "सदर बाई ही भांग या अमली पदार्थाची व्यसनी असल्यामुळे…"

तो थांबला. त्यानं वर बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं आणि ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. कागद पुरता वाचायचा, अशीच रीत होती.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझी धाकटी जाऊ डोक्यावरची कळशी उतरवून तिथंच बसली. गावकीतला एक म्हातारा, आत्याबाईंच्या चुलतदिरांपैकी, हळू आवाजात म्हणाला, "वयनी, शिमगा दोन महिन्यांवर हाय. बैराग्याच्या चिलमीचा माल घेणाऱ्या हातानं देवीची ओटी कशी भरायची? इचार करावा लागंल."

आत्याबाई काठी टेकत उठल्या आणि घरात गेल्या. मी मागून गेले. चुलीपाशी बसून त्यांनी मला विचारलं, "अंगठा घेतलास तवा वर काय लिवलं व्हतं ता तुला ठावं व्हतं?"

"होतं."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी महाडला जाऊन पान आणलं, वैद्यांनी चूर्ण केलं. पहिल्यासारखं, पूर्ण. मी ताकात कालवून पुढं ठेवलं. आत्याबाईंनी वाटी उचलून अंगणातल्या राखेत ओतली. दुसऱ्या दिवशीही ओतली. मी रडले, भांडले, पाया पडले. नवऱ्याला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं की आईला समजाव. सगळे मला आईला समजावायला सांगत होते, आईला कोणी काही सांगत नव्हतं. पेजेची ताटली तर आता मी वाढण्याआधीच परत यायला लागली.

पत्र आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला कचेरीत ने."

"कशाला?"

"त्यो शबूद खोडाया."

डोलीत बसायला तयार झाल्या नाहीत. गावानं बघावं म्हणून चालत उतरल्या. तीन ठिकाणी बसल्या, दोनदा झाडीत जाऊन आल्या. पोलादपूरच्या महालकरी कचेरीत दारूबंदीचं काम बघणारा एक कारकून होता, कानावर पेन्सिल, स्वभावानं वाईट नाही. आत्याबाईंनी त्याच्यापुढं परवाना ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, मला संग्रहणी हाय. ही पूड दवा म्हणून खाते. मी व्यसनी नाय. तेवढं खोडून आजारी असं लिवा."

कारकुनानं कागद वाचला. "आजी, मग परवाना राहणार नाही. व्यसन असेल तरच परवाना."

"आजारी माणसाला नाय?"

"आजारी माणसानं डॉक्टरकडे जावं."

"डॉक्टरनंच तर हिकडं धाडलं."

कारकून माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता, समजवा यांना. शब्दाला काय धरून बसायचं? औषध मिळतंय ना?"

मी तोंड उघडणार तोच आत्याबाई म्हणाल्या, "मग तुमच्या आयेच्या नावाम्होरं लिवा. शबूद काय, लहानसाच हाय."

त्यानं पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली. आत्याबाईंनी कागद त्याच्याकडे सरकवला. "घ्या तुमचा. मी जलमभर कुणाच्या शेंगेला हात लावला नाय. मरताना ह्यो डाग घेऊन जायची नाय." आणि रद्द केल्याच्या नोंदीवर त्यांनी अंगठा दिला. या खेपेला आधी माझ्याकडून सगळं वाचून घेतलं, दोन वेळा.

परतताना डोंगराच्या पायथ्यापर्यंत एसटी मिळायची, तिच्या थांब्यापाशी त्या वडाखाली टेकल्या. चेहरा पिवळा पडला होता, पण डोळ्यांत समाधान होतं, आणि त्या समाधानाचा मला असा काही राग आला की काय सांगू. कायद्याचा राग आला, पाटलाचा आला, गावकीचा आला, त्या वैद्याच्या खाली घातलेल्या मानेचा आला. आणि सगळ्यांत जास्त माझ्या वळणदार अक्षराचा आला. ही बाई आता मरणार होती, आणि तिचं बरोबर होतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे मला सहन होईना. मी म्हटलं, "आत्याबाई, इथंच बसा. माझी पिशवी राहिली."

पिशवी माझ्या खांद्यालाच होती. मी परत कचेरीत गेले.

"एक कोरा अर्ज द्या," मी म्हटलं.

"आता कोणाच्या नावानं?"

"माझ्या."

कारकुनानं मला खालीवर बघितलं. "तुम्हाला भांगेचं व्यसन?"

"आहे."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

तो हसला, मग हसायचा थांबला, कारण मी हसत नव्हते. अर्ज मी त्याच्या टेबलावर उभ्यानंच भरला. आत्याबाईंच्या अर्जात जे शब्द लिहिले होते तेच, त्याच अक्षरात, फक्त नाव माझं. खाली अंगठा नाही, सही.

डॉक्टरचा दवाखाना चार घरं सोडून. त्यानं अर्ज बघितला आणि दार लोटून घेतलं. म्हणाला, "मी काय समजायचं ते समजलो आहे. पण तुम्ही समजला आहात का? तुमच्या वाडीला शाळा मंजूर झाली आहे आणि मास्तरीण म्हणून तुमचंच नाव लोक घेतात, असं माझ्या कानावर आहे. हा दाखला झाला की ते नाव कोणी घेणार नाही."

हे खरं होतं. गावकीनंच तसं ठरवलं होतं. मी रात्रंदिवस त्या शाळेची स्वप्नं बघत होते, भिंतीवर कुठला तक्ता कुठं लावायचा इथपर्यंत. मला ती शाळा फार हवी होती. आजही लिहिताना बोट थांबतं.

"समजले आहे," मी म्हटलं.

"हात थरथरतात का तुमचे?"

"थरथरतात असं लिहा."

त्यानं लिहिलं. सही केली, शिक्का मारला आणि दार उघडलं. बाहेर पडले तेव्हा गाडी लागलेली होती आणि आत्याबाई विचारत होत्या, पिशवी घावली का.

पंधरा दिवसांनी परवाना डोंगर चढून आला. मी वाटच बघत होते. पाटील सहाणेवर कागद उलगडायला लागला तेव्हा मी पुढं झाले आणि म्हटलं, "मामा, द्या इकडं. तुम्हाला वेळ लागतो. माझ्या नावाचा आहे, मीच वाचते."

बाईमाणसानं सहाणेवर कागद वाचायची आमच्यात पद्धत नव्हती. पण वाचू नये असंही कोणी कधी ठरवलं नव्हतं, आणि ते ठरवायच्या आत मी सुरुवात केली. माझं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, महाल, जिल्हा. 'सदर बाई ही भांग या अमली पदार्थाची व्यसनी असल्यामुळे' हे मी शाळेत कविता म्हणायचो तसं खणखणीत म्हटलं. शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा वाचली. मग कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "गेल्या कागदात चूक झाली होती. ती मी केली होती. आत्याबाईंनी कचेरीत जाऊन ती दुरुस्त करून घेतली, रद्द केल्याची नोंद तिथं आहे, ज्याला बघायची त्यानं उतरून बघावी. घरात व्यसनी मी आहे. देवीच्या ओटीला हात आत्याबाई लावतील. मी लावणार नाही, कधीच लावणार नाही. आणखी काय विचारायचं असेल तर आत्ता विचारा, मला भाकऱ्या थापायच्यात."

म्हाताऱ्या चुलतसासऱ्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. सगळ्यांना सगळं समजलं होतं, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलेल्या एका शब्दावर कोणालाच बोट ठेवता येत नव्हतं. शाळेचा विषय मात्र त्या दिवसापासून माझ्यापुढं कोणी काढला नाही. वर्षानं बाहेरगावचा एक मास्तर आला. चांगला होता.

आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी चूर्ण करून आणलं आणि फडताळात ठेवलं, पुढं केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पेज वाढली. त्या ताटलीकडे बघत राहिल्या. मग तोंड दुसरीकडे करून म्हणाल्या, "आण गो तुझं व्यसन."

मी ताकाची वाटी आणली. हात खरंच थरथरत होते. त्यांनी ती पिऊन टाकली आणि अर्ध्या घटकेनं जेवल्या. चार दिवसांत ताटली रिकामी यायला लागली. शिमग्याला त्यांनी पहिली ओटी भरली. मी गर्दीत मागं उभी होते, आणि ढोल-सनईच्या खालूबाजाच्या आवाजात मला रडता आलं हे बरं झालं.

त्यानंतर ते आमचं बोलणंच होऊन गेलं. पुडी संपत आली की त्या म्हणायच्या, "सूनबाय, तुझी नशा सरत आली. म्हाडाला कवा जातीस?" लोकांपुढंही म्हणायच्या. पुस्तकाप्रमाणं मी रोज दोन गुन्हे करत होते, एक सकाळी, एक संध्याकाळी. मला एकाचाही पश्चात्ताप झाला नाही.

एकदा दारूबंदीचा जमादार तपासायला आला. परवाना खरा आहे ना, माल परवानाधारकच घेतो ना. आत्याबाईंच्या वाटीची वेळ झाली होती, ती मीच त्याच्यापुढं पिऊन दाखवली. आजाऱ्याची मात्रा धडधाकट माणसानं घेतल्यावर काय होतं, ते मला तेव्हा कळलं. जमादार वाट उतरेपर्यंत काही नाही. मग माझी जीभ वाळली, ओसरीचा खांब जरा लांब गेला, आणि मला पाटलाच्या मिशांचं असं हसू येऊ लागलं की थांबेना. चार नाचणीच्या भाकऱ्या कुळथाच्या पिठल्याबरोबर खाल्ल्या आणि पाचवी मागितली. दुसऱ्या दिवशी डोकं दगड झालं होतं. आत्याबाई माझ्या उशाशी बसून मला ताक पाजत होत्या आणि पोट धरून हसत होत्या. म्हणाल्या, "आता तरी कागद खरा झाला." वैद्यांना सांगितलं तर त्यांनी माझी चांगली कानउघाडणी केली. औषध ज्याचं त्यानंच घ्यायचं, हे सरकार सांगतं तेवढ्यापुरतं बरोबर आहे, म्हणाले. त्यावर मी त्यांच्याशी भांडले नाही.

परवाना दरवर्षी नवा झाला. दरवर्षी कारकून विचारायचा, व्यसन कमी झालं का? मी म्हणायची, नाही. दरवर्षी तो कागद सहाणेवर मी स्वतः वाचला. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या पोरी मला बघून एकमेकींच्या कानात काय सांगायच्या ते मला माहीत होतं. माहेरच्या गल्लीतसुद्धा ते पोचलं. माझ्या आईनं एकदा विचारलं, तू कोणाला खरं काय ते सांगत का नाहीस? मी म्हटलं, सांगितलं तर परवाना जाईल.

सात वर्षं झाली. मग एका भाद्रपदात आत्याबाईंना ताप आला. संग्रहणीचा नव्हे, साधाच ताप, त्या वर्षी गावात बऱ्याच जणांना आला होता. चौथ्या दिवशी त्या गेल्या. आदल्या दुपारपर्यंत जेवल्या होत्या.

बारावं झाल्यावर मी परवाना आणि उरलेली पुडी घेऊन पोलादपूरला गेले. नियमानं परत करावी लागते. कारकून तोच होता, आता चष्मा लागलेला. मी दोन्ही त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं वही उघडली, माझं नाव काढलं आणि खूश होऊन म्हणाला, "अरे वा. सुटलं का बाई तुमचं व्यसन?"

सात वर्षं मी या माणसापुढं खोटं बोलत आले होते, एकदाही अडखळले नव्हते. त्या दिवशी जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं, "माझी सासू वारली."

त्यानं चष्मा काढला. लेखणी दौतीवर आडवी ठेवली आणि माझ्या नावापुढची ओळ कोरीच ठेवून वही मिटली.